काकूंचं क्रिएटिनिन

मांजर म्हातारं झालं, हे मांजराकडे बघून कळत नाही. ते काठी घेत नाही, कवळी बसवत नाही, "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणत नाही. पाचव्या वर्षी ज्या तुच्छतेनं तुमच्याकडे बघायचं, त्याच तुच्छतेनं पंधराव्या वर्षीही बघतं. त्याचं वय ओळखायला घरात एखादा हिशेबी माणूस लागतो. देवदयेनं आमच्याकडे अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. परळच्या चाळीत वाढले, गिरणीच्या हिशेब खात्यात चिकटले. पुढे गिरणी गेली, हिशेब राहिला. आता डोंबिवलीला आमच्याकडे असतात. मांजराच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता आहे. मांजराचं पहिलं वर्ष म्हणजे माणसाची १५, दुसरं संपलं की २४, तिथून पुढे दर वर्षाला ४. येणारे जाणारे तो तक्ता बघतात, "अय्या" म्हणतात आणि विसरतात. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, पावतीच्या मागच्या बाजूला बेरीज मांडली आणि ती माझ्यापुढे धरली. २४ अधिक १३ गुणिले ४. उत्तर ७६.

"म्हणजे माझ्याच वयाच्या की ह्या," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मांजराला अगंतुगं करणं बंद केलं.

नाव मात्र तिचं पहिल्यापासूनच आदरार्थी. पार्किंगमधल्या स्कूटरखालून उचलून आणलेलं ते पिल्लू घरात शिरल्या शिरल्या सगळ्या खोल्या फिरून आलं, ओट्याखाली वाकून पाहिलं आणि हॉलच्या मधोमध असं काही तोंड करून बसलं, की नवरा आपसूक म्हणाला, "काकू आल्यात." तेच नाव राहिलं. दवाखान्याच्या कार्डावर त्यापुढे आमचं आडनाव लागलं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी मी अडखळले, तर अण्णा मागून म्हणाले, "१ जून घाल." गावाकडे घरात जन्मलेल्या आणि मास्तरांनी अंदाजानं शाळेत घातलेल्या त्यांच्या पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. पेन्शनीच्या रांगेत उभं राहिलात तर अर्ध्या रांगेला एकाच दिवशी शुभेच्छा देता येतात. अण्णाही कागदोपत्री १ जूनचेच. तेव्हा काकू आणि अण्णा, वय एक, वाढदिवस एक. पुढे क्रिएटिनिनचंही तसंच झालं, पण ते नंतर.

सुरुवात पाण्यानं झाली. काकूंनी जन्मभर पाण्याला फारशी किंमत दिली नव्हती. वाटीतलं पाणी त्या तोंडदेखलं चाटायच्या. अचानक त्या बाथरूममधल्या बादलीवर ओणव्या दिसू लागल्या. मग अण्णांच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यात तोंड. मग तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत. वाळूच्या ट्रेमध्ये लिंबाएवढे गोळे पडायचे, ते नारळाएवढे पडू लागले. "उन्हाळा आहे, पाणी पितेय, चांगलंच की," असं आम्ही सगळे म्हणालो. एकटे अण्णा गप्प होते. रात्री वारंवार उठणाऱ्याला दुसऱ्याच्या उठण्याचा अर्थ लवकर कळतो.

मग वजन. मांजर काट्यावर उभं राहत नाही. त्यामुळे आधी माणसानं मांजर घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. आमच्याकडे हे काम नवऱ्याकडे गेलं आणि त्यामुळे बरीच वर्षं गुप्त असलेला एक आकडा सगळ्या घरासमोर उघड झाला. काकूंचं वजन ३.८ किलोवरून ३.१ वर आलं होतं. "सातशे ग्रॅम तर," नवरा म्हणाला. अण्णांनी लगेच त्रैराशिक मांडलं. सत्तर किलोच्या माणसाचं त्याच प्रमाणात घटलं असतं, तर जवळजवळ तेरा किलो. "तुझे तेरा गेले असते तर तू पेढे वाटले असतेस," ते जावयाला म्हणाले. "त्यांचे गेले तर डॉक्टर."

डॉक्टर म्हटलं की बास्केट आली, आणि बास्केट माळ्यावर असते. माळ्यावरून ती काढायला स्टूल सरकवावं लागतं. स्टूल सरकल्याचा आवाज ऐकल्यावर काकू ज्या पलंगाखाली जातात, तो पलंग सागवानी आहे, आजीच्या लग्नातला आहे आणि सरकत नाही. दवाखान्यात सांगितलं, बास्केट माळ्यावर ठेवूच नका. घरातच उघडी राहू द्या, आत तिची आवडती चादर घाला, अधूनमधून खाऊ टाका, म्हणजे ती तिला घरातलंच सामान वाटेल. सल्ला बरोबर होता. काकूंना ती सामानच वाटली. महिनाभर त्या दुपारची झोप तिथेच काढत होत्या. ज्या दिवशी अपॉइंटमेंट, त्या दिवशी पलंगाखाली.

यावर गॅबापेंटिन नावाची कॅप्सूल निघाली आहे. निघाली म्हणजे माणसांसाठी, आधी फेफऱ्यावर, मग नसांच्या दुखण्यावर. पण दवाखान्याला घाबरणाऱ्या मांजरांना ती निघायच्या दोनेक तास आधी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिली, की मांजर जरा उदार मनाचं होतं. ती माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळते. तिथल्या मुलानं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "पेशंट काकू? बाकी काही गोळ्या चालू आहेत का त्यांना? ही घेतल्यावर चक्कर येते, जिन्यावर जपायला सांगा." मी म्हटलं, सांगते.

रिक्षावाल्यानं बास्केटकडे बघितलं. "आत काय आहे?"

"मांजर."

"काळी?"

"करडी. पोटाला पांढरी."

त्यानं जरा विचार केला. "आडवी नाही ना जाणार?"

"अहो, कोंडलीय ती."

"मग बसा. बरोबर आली तर चालतं, आडवी जायला नको."

"आणि गोळीनं आत आडव्या झाल्या तर?" अण्णांनी विचारलं. त्यानं मीटर पाडलं.

अण्णांच्या लहानपणी परळला जनावरांचं एकच इस्पितळ माहीत होतं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. एवढं लांब नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणायचे, अजूनही म्हणतात. शेजारचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं. त्या काळची मुंबई ओढायची ती बैलांनी आणि घोड्यांनी, त्यामुळे लोकांच्या तोंडी तीच दोन जनावरं बसली. मांजर काहीच ओढत नव्हतं. "आमच्या चाळीत मांजरं खंडीभर," अण्णा सांगतात. "पण मांजर आजारी पडलेलं मी कधी पाहिलं नाही. एक दिवस दिसायचं बंद व्हायचं, एवढंच."

आजार लपवणं हे मांजराचं खानदानी काम आहे. ते स्वतः शिकारी असलं तरी आकारानं लहान, मोठ्या जनावरांचं खाद्य होऊ शकणारं. लंगडलेलं दिसलं की संपलं. म्हणून ते दुखणं दाखवत नाही, फक्त उडी जरा कमी मारतं, अंग जरा कमी चाटतं, आणि आपण म्हणतो, आता शांत झाली हो. २००२ साली एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले, तर त्यांतल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज सापडली. नव्वदांपैकी एकानंही "गुडघे धरलेत" म्हटलं नसणार. अण्णा हे वाचून खूपच अस्वस्थ झाले. ते स्वतः रोज सकाळी म्हणतात.

मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टीही २०१९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या लोकांनी तयार केली. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि मान, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार झाले, की वेदनाशामकाचा विचार करावा. मी ती मोबाइलवर उतरवून घेतली आहे. काकूंना लावते आणि हळूच अण्णांनाही लावते. अण्णांना मिशा आहेत, त्यामुळे अडत नाही. त्यांच्या कानांचं मात्र काही ठरवता येत नाही.

दवाखान्याची बाहेरची खोली ही एक स्वतंत्र जात-व्यवस्था आहे. कुत्रेवाले मधोमध, मोठ्यानं बोलणारे, सगळ्यांशी ओळख करून घेणारे. "आमचा ब्रुनो काहीच करत नाही हो," असं म्हणत ब्रुनोला आवरणारे. मांजरवाले भिंतीला पाठ लावून, मांडीवर बास्केट, बास्केटवर टॉवेल, कोणाच्या डोळ्यात डोळा न घालता बसलेले. एक कासववालाही होता, पण त्याला घाई नव्हती. तिथे सगळ्या माणसांची नावं जातात आणि नाती उरतात. आतून मदतनीस मुलगा ओरडतो, "रॉकीची मम्मी कोण?" आणि एखाद्या कंपनीच्या मोठ्या हुद्द्यावरचा मिशाळ गृहस्थ उठून म्हणतो, "मम्मी नाही आली, मी आहे." आमची वेळ आली तेव्हा तो ओरडला, "काकू! चला काकू, आत या." कोपऱ्यात पॉमेरियन घेऊन बसलेल्या एक खऱ्या काकू उठल्या. त्यांना बसवून आम्ही उठेपर्यंत त्यानं अण्णांकडे पाहून विचारलं, "तुम्ही काकूंचे आजोबा का?" समवयस्क बाईंचे आजोबा व्हायची पाळी अण्णांवर प्रथमच आली होती. ते नुसते "हं" म्हणाले.

डॉक्टरीणबाई हुशार आणि निवांत. त्यांनी बास्केटमधून काकूंना ओढलं नाही. बास्केटचं वरचं झाकणच काढलं आणि काकूंना खालच्या भागात बसल्या बसल्या तपासलं. स्टेथोस्कोप लावला तर आतून घुरघुर. मांजर सुखात घुरघुरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. भीतीनं आणि दुखण्यानंही घुरघुरतं, हे कमी जणांना. त्या आवाजात ठोके ऐकू येईनात. तेव्हा त्यांनी शांतपणे बेसिनचा नळ सोडला. पाणी ऐकून काकू गप्प झाल्या आणि ठोके मोजून झाले. मांजराचं हृदय मिनिटाला १४० ते २२० च्या दरम्यान चालतं. काकूंचं त्यातल्या वरच्या टोकाला होतं आणि दोष नळाचा होता.

मग बी.पी. त्यासाठी एका बाजूच्या खोलीत दिवा मंद केला, दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही असं ठरलं. शेपटीच्या मुळाशी बोटभर रुंदीचा पट्टा बांधला. पहिलं माप सोडून द्यायचं, मग ओळीनं पाच-सहा घ्यायची आणि सरासरी काढायची, कारण डॉक्टरांना बघून माणसाचं बी.पी. चढतं तसं मांजराचंही चढतं. अण्णा हे सगळं एका कोपऱ्यातून पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझं बी.पी. घेतात तेव्हा ती नर्स एका हातानं फोनवर भाजीचा भाव विचारत असते."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. थायरॉइड ठीक होतं. दहा वर्षांवरच्या मांजरांत ते बिघडणं नेहमीचं असतं. खातं भरपूर आणि वाळतं, अशी त्याची खूण. काकूंच्या बाबतीत प्रश्न मूत्रपिंडांचा निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रुक्ष मुलखातली रानमांजरं. तिथे पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळायचं, म्हणून मूत्रपिंडं अशी घडली की थेंबभरही पाणी वाया जाऊ द्यायची नाहीत. म्हातारपणी ती झिजतात. दोन तृतीयांश निकामी होईपर्यंत तक्रार नसते, मग लघवी घट्ट करणं जमत नाही, आणि गेलेलं पाणी भरून काढायला मांजर बादलीवर येतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. एस.डी.एम.ए. नावाची दुसरी एक तपासणी त्याआधीच चाहूल देते. आजाराच्या चार पायऱ्या आहेत. क्रिएटिनिन १.६ ते २.८ ही दुसरी. काकूंचं २.६.

"दुसरी म्हणजे तशी बरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नीट सांभाळलंत तर काही वर्षं छान जातील. पण बी.पी. जास्त आहे, ते खाली आणायला हवं. नाहीतर डोळ्यांचा पडदा सुटून एका रात्रीत नजर जाऊ शकते."

अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो त्यांचा स्वतःचा, गेल्या वर्षीचा रिपोर्ट होता. "माझं १.४ आहे," ते म्हणाले. "लाल शाईत छापून आलंय. मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. ह्यांचं २.६ आणि तुम्ही छान म्हणताय."

"आजोबा, माणसाचं आणि मांजराचं वेगळं असतं."

"ते दिसतंच आहे," अण्णा म्हणाले.

काकूंच्या बी.पी.वर अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिलं. अण्णाही तेच घेतात. फरक एवढाच, की अण्णांची गोळी पाचाची आणि काकूंना अडीचच्या गोळीचा चतकोर. फ्रिजवर दोन डबे आले, एकावर अ, एकावर का. पण हा प्रकार फार भाबडेपणानं करण्यातला नाही. एकदा काकूंचं अंग हाताला गरम लागलं, तेव्हा अण्णा तापाच्या गोळीचा तुकडा मोडायला निघाले होते. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकायची सोय त्याच्या यकृतात नाहीच, रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. शिवाय मांजराचं अंग एरवीच ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, आपल्या हाताला गरमच लागणार. डॉक्टरीणबाईंनी हे फोनवर ज्या सुरात सांगितलं, तो सूर ऐकून अण्णांनी घरातली सगळी पॅकिटं कुलपात ठेवली. आता डोकं दुखलं की मला किल्ली मागावी लागते.

गोळी देण्याची पद्धत पुस्तकात फार सोपी असते. डोकं मागून धरा, जबडा उघडा, जिभेच्या मुळाशी गोळी ठेवा, तोंड मिटा, गळा चोळा. काकूंनी या सर्व पायऱ्या आम्हाला विनातक्रार करू दिल्या. पाच मिनिटांनी गोळी सोफ्याच्या मागे सापडली. चीजमध्ये घालून दिली, चीज गेलं, गोळी राहिली. शेवटी नवऱ्यानं ती कुटून, पाण्यात कालवून, सिरिंजमधून गालाच्या कडेला सोडली. तिथे निम्मी काकूंना आणि निम्मी नवऱ्याच्या शर्टाला लागू पडते. त्याचं बी.पी. सध्या उत्तम आहे.

खाणं हा सगळ्यात कठीण अध्याय. मूत्रपिंडाच्या पेशंट मांजरांसाठी खास खाद्य मिळतं, फॉस्फरस कमी असलेलं. महाग, करडं आणि, काकूंच्या मते, अन्नात न मोडणारं. वाटी ठेवली की त्या वास घेतात, मग पुढच्या पायानं वाटीभोवतीची फरशी खरवडतात. मांजर वाळू ओढून काय झाकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारीच टेबलावर अण्णांपुढे बिनमिठाची दुधी भोपळ्याची भाजी असते. ते फरशी खरवडत नाहीत, पण बघण्यात तेच असतं.

उपाशी ठेवावं, भूक लागली की खाईल, हा आपला पिढीजात उपाय मांजरावर चालत नाही. दोन-तीन दिवस जरी त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही, तरी अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि नवं दुखणं उभं राहतं. म्हणजे अण्णांना एकादशी दोन चालतात, काकूंना एकही नाही. हे काकूंना समजलेलं आहे असा माझा पक्का संशय आहे. डॉक्टरीणबाईंनी तडजोड काढली: खास खाद्यावर नुसता उकडलेला, काटे काढलेला माशाचा छोटा तुकडा कुसकरून घाला, वासावर खाईल. त्यामुळे आता एक दिवसाआड मासळीवाली मावशी दारात येते. "बाबांना मासे बंद नाय काय केलेलं?" तिनं विचारलं. अण्णा तिच्या टोपलीतल्या खाऱ्या बांगड्याकडे बघत म्हणाले, "माझं नाही गो. आमच्या काकूंचं." कोकणातल्या माणसानं बोंबलाचे काटे काढून ते बिनमिठाचे उकडायचे आणि आपण न खाता दुसऱ्याला वाढायचे, यापेक्षा मोठा त्याग मला तरी माहीत नाही.

या दुःखात अण्णांना कुठेतरी क्रीम पफ सापडली. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातली मांजर. जन्म ३ ऑगस्ट १९६७, मृत्यू ६ ऑगस्ट २००५. अडतीस वर्षं तीन दिवस, जगातल्या सगळ्यात दीर्घायुषी मांजराचा विक्रम. अण्णांनी तक्त्याप्रमाणे माणसाचं वय काढलं, १६८ आलं. पण त्यांना रस तिच्या आहारात होता. तिचे मालक तिला अंडी, खारवलेलं टर्कीचं मांस, ब्रोकोली, साय घातलेली कॉफी आणि अधूनमधून ड्रॉपरनं रेड वाइन देत. "बघ," अण्णा म्हणाले. "खारवलेलं." मी म्हटलं, अण्णा, एका मांजरावरून नियम होत नाही. "मग माझ्या एका रिपोर्टवरून कसा झाला?" ते म्हणाले.

मे महिन्यात काकूंच्या अंगातलं पाणी फार कमी झालं, तेव्हा काही दिवस घरीच सलाईन द्यायला शिकवलं. ते शिरेतून द्यायचं नसतं. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई कातडीखाली घालायची आणि शंभर मिलिलिटर सोडायचं. तिथे एक पाण्याचा फुगा तयार होतो आणि तो हळूहळू घरंगळत पुढच्या पायात उतरतो. त्या तासाभरात काकूंना एक खांदा पैलवानाचा असतो. बाटली पडद्याच्या दांडीला हँगरनं अडकवायची, अण्णांनी खाली बसून काकूंच्या कानामागे खाजवायचं, मी सुई धरायची आणि नवऱ्यानं दुसरीकडे बघायचं.

नवरा सलाईनच्या बाटल्यांचा खोका घेऊन लिफ्टमध्ये शिरला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेलं जोडपं भेटलं. "कोणाला बरं नाही?" "काकूंना," नवरा म्हणाला, तेवढ्यात मजला आला. संध्याकाळी ती दोघं दोन शहाळी घेऊन दारात. अशा वेळी येतात तशी, चपला आवाज न करता काढून.

"कशा आहेत?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"आता जरा बऱ्या आहेत," अण्णा म्हणाले. "सलाईन झालं, आता पलंगाखाली आहेत."

"पलंगाखाली?"

"बाहेर यायला तयार नाहीत. सुई टोचली की रागावतात."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "वय काय त्यांचं?"

"शहात्तर."

"एकट्या आहेत का?"

"लग्न नाही केलं. लहानपणीच ऑपरेशन झालं होतं."

मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत अण्णा रात्रीच्या ओरडण्यावर आले होते, आणि बाईंचे डोळे भरले होते. सगळा खुलासा झाला. बाई खूप हसल्या. त्यांचा नवरा मात्र हसला नाही. जाताना त्यानं तो प्रश्न विचारला, जो कोणीतरी विचारतोच: "मांजरावर एवढा खर्च?" अण्णांनी काकूंच्या वतीनं शहाळं उचललं, स्ट्रॉ घातली आणि म्हणाले, "तुमची गाडी किती वर्षांची आहे?" तो म्हणाला, चार. "आणि सर्व्हिसिंग?" त्यानं चपला घातल्या.

ओरडण्याचं खरं आहे. म्हातारी मांजरं रात्री मोठ्यानं ओरडतात. बी.पी.मुळे, बहिरेपणामुळे, किंवा मेंदूही थकल्यामुळे मध्येच आपण कुठे आहोत हे विसरल्यामुळे. काकू पहाटे तीनच्या सुमाराला पॅसेजमध्ये उभ्या राहून एक दीर्घ, वरच्या पट्टीतली हाक देतात. अण्णा जागेच असतात. "आहे, आहे," असं म्हणत ते उठतात, आधी स्वतःचं काम उरकतात, मग दोघं स्वयंपाकघरात जातात. एकदा मी पाहिलं, अण्णा ओट्याशी उभे राहून पाणी पीत होते आणि काकू वाटीतलं. "प्या," अण्णा म्हणत होते. "दिवसाला दोन लिटर सांगितलंय." ते काकूंना नव्हतं सांगितलेलं.

या सगळ्यात अण्णांची तपासणी वर्षभर राहून गेली होती. काकूंच्या फाइलमध्ये तारखांना रंगीत खुणा होत्या. अण्णांची फाइल गादीखाली होती. विषय काढला की ते आंघोळीला जात. अपॉइंटमेंटच्या दिवशी बाथरूममधून तासभर नळाचा आवाज येत होता. शेवटी नवऱ्यानं दारावर टकटक करून सांगितलं, "अण्णा, काकूंना घेऊन निघायचंय, रिक्षा आलीय." पाच मिनिटांत अण्णा शर्ट खोचून बाहेर, हातात काकूंची फाइल, बास्केट उचलायला पुढे. वाटेत एकदा ते म्हणाले, "आज फार शांत आहेत." रिक्षा माणसांच्या दवाखान्यासमोर थांबल्यावर त्यांनी टॉवेल उचलून आत बघितलं. आत माझी पर्स होती.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला.

"दिवा मंद करा," अण्णा म्हणाले.

"काय?"

"आणि दहा मिनिटं बसू द्या. पहिलं माप सोडून द्यायचं, मग पाच-सहांची सरासरी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या डोळ्यांच्या तक्त्याकडे बघितलं. एकदाच घेतलेलं बी.पी. लिहून झालं, मग नवा रिपोर्ट उघडला. "क्रिएटिनिन १.५. थोडं वाढलंय, आजोबा. पथ्य पाळताय ना?"

"दीड म्हणजे काहीच नाही," अण्णा म्हणाले. "अजून पहिलीतच. आमच्या काकू २.६ वर आहेत आणि एक दिवसाआड बोंबील खातात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "२.६? वय काय त्यांचं?"

"शहात्तर. बी.पी. पण आहे."

"आणि मासे खातात? कोणी सांगितलं त्यांना? मागे कोणी लक्ष देणारं आहे की नाही? अहो, हे गंभीर आहे. त्यांना ताबडतोब घेऊन या इकडे."

"आणतो की," अण्णा म्हणाले. "पण आधी सांगून ठेवतो, त्या चावतात."